जुना डेस्कटॉप, नवी रॅम : संगणकाच्या स्मृतीची सत्तर वर्षं

या मालिकेत आपण आजवर लढायांबद्दल, छावण्यांबद्दल आणि सेनापतींबद्दल बोललो. आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, कर्नलसाहेब वाट चुकले. जुन्या डेस्कटॉपची रॅम वाढवणं हा इतिहासाचा विषय कसा? माझंही आधी तेच मत होतं. पण २०२१ साली माझ्या हातून एक चूक झाली आणि त्या चुकीचं कारण शोधता शोधता मी थेट १९४९ सालापर्यंत मागे गेलो. ती चूक आधी सांगतो, मग इतिहासाकडे वळू.

निवृत्तीनंतर मी सिकंदराबादला स्थायिक झालो. आमच्या भागात माजी सैनिकांचं एक छोटं वाचनालय आहे. करोनाच्या काळात शाळा-कॉलेजं घरून सुरू झाली, तेव्हा एका कंपनीने आपले वापरातून काढलेले अकरा डेस्कटॉप वाचनालयाला दिले. सगळे दिसायला सारखे, काळ्या पेट्यांचे, प्रत्येकात फक्त २ जीबी मेमरी. पहिल्याच आठवड्यात एका नायकाची अकरावीतली मुलगी तिथे तासाला बसली. तिचे वडील ईशान्येत तैनात होते आणि घरात एकच फोन होता, तोही आईचा. शिक्षकांचा व्हिडिओ सुरू झाला की संगणक गोठायचा, पुन्हा सुरू होईपर्यंत हजेरी संपलेली असायची. तीन दिवस ती गैरहजर लागली. चौथ्या दिवशी ती मला म्हणाली, "काका, मी इथेच बसलेली असते हो."

ते वाक्य मला लागलं. संगणक तिथे होता, मुलगी तिथे होती, वीज आणि इंटरनेटही होतं. कमी होती ती फक्त मेमरी.

मी साधा बी. एस्सी. झालेला पायदळाचा माणूस. मदतीला आमचे सुभेदारसाहेब होते. सातारकडचे, इलेक्ट्रॉनिक्सची तांत्रिक कामं करण्यात हयात गेलेली. आम्ही एक पेटी उघडली, आतली पट्टी काढली, मी तिचे टोकाचे संपर्कबिंदू मोजले. दोन्ही बाजूंचे मिळून २४०. मी पार्कलेनवरच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये गेलो. इकडे सगळे त्याला सीटीसी म्हणतात. तिथून ४ जीबीच्या वापरलेल्या अकरा पट्ट्या आणल्या. सात संगणकांत त्या टकटक करून बसल्या. आठव्याला सुभेदारसाहेब थांबले.

"साहेब, बसत नाही. जोर लावू का?"

"लावा थोडा."

"नको साहेब. खाच जुळत नाहीये. हे दुसरंच काहीतरी आहे."

त्यांनी ऐकलं नसतं तर बरं, असं म्हणायची वेळ माझ्यावर आली नाही, कारण त्यांनी माझं खरंच ऐकलं नाही. उरलेल्या चार पेट्या वरून तशाच होत्या, पण आतले मदरबोर्ड एक पिढी जुने होते. संपर्कबिंदू तिथेही २४०च होते, पण ती डीडीआर-२ होती आणि मी आणलेली डीडीआर-३.

मला स्वतःचाच राग आला. फौजेतले लोक लगेच ओळखतील. आमच्या जुन्या एसएलआर रायफलची गोळी ७.६२ मिलिमीटरची आणि एके-४७ चीही ७.६२ मिलिमीटरची. पण एकीच्या काडतुसाची लांबी ५१ आणि दुसरीची ३९. एकाचं काडतूस दुसऱ्यात चालत नाही. नुसत्या कॅलिबरवर जाऊ नका, हे मी वर्षानुवर्षं जवानांना शिकवत आलो, आणि इथे मीच नुसता आकडा बघून बाजारातून परत आलो.

मग प्रश्न पडला, की ही खाच दर पिढीला का हलते? आणि मुळात संगणकाला मेमरी पुरेनाशी का होते? पेटी तर तीच असते.

मण्यांची विणलेली स्मृती

सुरुवात मण्यांपासून होते. शांघायमध्ये जन्मलेले आन वांग हे शास्त्रज्ञ अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात काम करत होते. लहानशा चुंबकीय कड्यात एक खूण साठवायची आणि वाचायची, याबद्दलच्या एकस्वासाठी त्यांनी १९४९ मध्ये अर्ज केला. त्याच सुमारास एमआयटीमध्ये जे फॉरेस्टर 'व्हर्लविंड' नावाच्या संगणकावर काम करत होते. त्यांनी अशा कड्यांची तारांवर ओवलेली जाळी तयार केली आणि १९५३ मध्ये ती त्या संगणकात बसली. प्रत्येक कडं म्हणजे एक बिट. डावीकडे चुंबकित झालं तर शून्य, उजवीकडे झालं तर एक. वीज गेली तरी खूण टिकायची.

ही जाळी हाताने विणली जायची, बहुतेक ठिकाणी स्त्रियांच्या हाताने. भिंगाखाली बसून, मोहरीहून लहान कड्यांतून केसासारख्या तारा ओवायच्या. आपल्याकडे मोत्याची नथ करणारा कारागीर डोळ्यासमोर आणा, म्हणजे त्या कामाची कल्पना येईल. सुरुवातीला एका बिटला साधारण एक डॉलर पडायचा. त्या भावाने आपल्या २ जीबीच्या पट्टीची किंमत काढून बघा. एक जीबी म्हणजे आठ अब्जांहून अधिक बिट!

या मण्यांचा आपल्या देशाशीही संबंध आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली आपल्याच माणसांनी एक पूर्ण संगणक घडवला. १९६० मध्ये तो चालू झाला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिलं. त्यात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या, आणि त्याची स्मृती होती चुंबकीय कड्यांची. २०४८ शब्द, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. गुणाकार केला तर ८१,९२० बिट होतात, म्हणजे दहा किलोबाइट. आज फोनवर येणारा 'सुप्रभात'चा फुलांचा फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. पण त्या दहा किलोबाइटवर देशातल्या शास्त्रज्ञांनी गणितं सोडवली. पुढे अपोलोच्या चांद्रयानात जो संगणक होता, त्याचीही बदलता येणारी स्मृती २०४८ शब्दांचीच होती, शब्द मात्र लहान.

म्हणजे १९६० साली मेमरीच्या बाबतीत आपण जगाच्या फार मागे नव्हतो. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी मी त्याकडे परत येणार आहे.

गळक्या रांजणाची युक्ती

विणकामाला मर्यादा होती. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ मध्ये एक कल्पना सुचली आणि १९६८ मध्ये त्यांना तिचं एकस्व मिळालं. एका बिटसाठी फक्त एक ट्रान्झिस्टर आणि एक छोटा विद्युत साठा, म्हणजे कपॅसिटर. साठा भरला तर एक, रिकामा असला तर शून्य. अडचण एवढीच, की हा साठा गळका असतो. भरलेला रांजण काही क्षणांत पाझरून जातो. उपाय म्हणजे तो रिकामा व्हायच्या आत बघायचा आणि पुन्हा भरायचा.

फौजेत रात्री संत्र्यांची तपासणी होते, तशी ही तपासणी. तुमच्या संगणकात ती साधारण ६४ मिलिसेकंदांत एकदा पूर्ण होते, म्हणजे सेकंदाला पंधरा वेळा सगळ्या ओळींची हजेरी. म्हणून या मेमरीला 'डायनॅमिक' म्हणतात, डीरॅम. वीज गेली की हजेरी घेणारा गेला आणि सगळं पुसलं गेलं. अर्धं लिहिलेलं पत्र साठवण्याआधी वीज गेली तर ते का हरवतं, याचं उत्तर या गळतीत आहे.

१९७० मध्ये इंटेलने '११०३' ही १०२४ बिटांची चिप बाजारात आणली. दोनच वर्षांत ती सर्वाधिक खपाची अर्धवाहक मेमरी चिप ठरली आणि विणलेल्या मण्यांचे दिवस संपत आले. त्यानंतर चिपवरचे बिट वाढत गेले आणि एका बिटची किंमत उतरत गेली.

पाय वाकणाऱ्या चिपा आणि पट्टीचा जन्म

१९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला, तेव्हा मेमरी वाढवणं म्हणजे एकेक सुटी चिप सॉकेटमध्ये अंगठ्याने दाबून बसवणं. आठ चिपा माहितीच्या आणि नववी चूक तपासण्याची, अशी नऊची रांग. प्रत्येक चिपला दोन्ही बाजूंनी गोमेसारखे पाय. एक पाय वाकला की सगळी रांग बाद. आमच्या कार्यालयात पुढे असा संगणक आला तेव्हा त्याला हात लावायची मुभा फक्त एका हवालदाराला होती, आणि तो चिमटा घेऊन सोनारासारखा बसायचा.

या त्रासावर उतारा शोधला तो पुन्हा वांग यांच्याच कंपनीने. मण्यांच्या एकस्वाचा हक्क त्यांनी १९५६ मध्ये आयबीएमला विकला होता. १९८३ च्या सुमारास त्यांच्या कंपनीत एक साधी कल्पना आली, ती म्हणजे नऊही चिपा एकाच छोट्या पट्टीवर डाखून टाकायच्या आणि पट्टीच खाचेत बसवायची. तिला सिम म्हणतात. फोनचं सिम वेगळं, त्याच्याशी याचा संबंध नाही. आज तुम्ही-आम्ही घरी बसून रॅम बदलू शकतो, त्याचं श्रेय या पट्टीला आहे.

सुरुवातीची पट्टी ३० बिंदूंची, मग ७२ ची. पेन्टियम आल्यावर ७२ बिंदूंच्या पट्ट्या जोडीनेच लावाव्या लागत, कारण प्रोसेसर एका वेळी ६४ बिट वाचायचा आणि पट्टी ३२ च द्यायची. नव्वदच्या दशकात १६८ बिंदूंची डिम आली आणि जोडीची सक्ती संपली. त्यानंतर डीडीआरच्या पिढ्या आल्या. पहिली १८४ बिंदूंची, दुसरी आणि तिसरी २४० ची, चौथी आणि पाचवी २८८ ची.

आता खाचेचं कोडं सुटतं. दर पिढीला वीजदाब कमी होत गेला. डीडीआरला २.५ व्होल्ट, डीडीआर-२ ला १.८, डीडीआर-३ ला १.५, डीडीआर-४ ला १.२. दीड व्होल्टची पट्टी १.८ व्होल्टच्या जागी बसली तर ती जळू शकते. आतली जोडणीही वेगळी असते. म्हणून जेडेक या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने दर पिढीला खाच थोडी सरकवली. ती खाच म्हणजे जुळत नसेल तर थांबा, असं सांगणारा पहारेकरी आहे. सुभेदारसाहेबांनी त्या पहारेकऱ्याचं ऐकलं, मी ऐकणार नव्हतो.

पेटी म्हातारी होत नाही

दुसरा प्रश्न होता, की तोच संगणक दहा वर्षांत मंद का होतो. मेमरी झिजत नाही. दहा वर्षांपूर्वीची पट्टी आजही तितकीच वेगवान आहे. वाढते ती कामाची भूक. विंडोज ९५ ला किमान ४ एमबी लागत. एक्सपीला ६४ एमबी. विंडोज ७ ला १ जीबी. विंडोज ११ ला ४ जीबी. म्हणजे २५-३० वर्षांत किमान गरज हजारपट झाली. मेमरी कमी पडली की संगणक उरलेलं काम हार्ड डिस्कवर टाकतो, आणि डिस्क मेमरीच्या तुलनेत फारच संथ. टेबल लहान म्हणून प्रत्येक कागदासाठी तळघरात जाऊन यावं, तसं होतं. त्या मुलीचा तास गोठत होता, तेव्हा संगणक तळघराच्या पायऱ्या चढत-उतरत होता.

आमची गोष्ट पुढे नेतो. सात संगणकांत आता जुनी २ आणि नवी ४ मिळून ६ जीबी झाली होती. चालू करून बघितलं, तर वापरात जेमतेम सव्वातीन जीबी! सुभेदारसाहेब हसले. म्हणाले, "साहेब, गोदाम बांधलं पण रस्ता केला नाही." आत ३२ बिटांची प्रणाली होती. ३२ बिटांत जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९६ पत्ते लिहिता येतात, म्हणजे ४ जीबी, आणि त्यातलेही काही पत्ते इतर भागांसाठी राखून ठेवलेले असतात. १९८१ च्या पीसीलाही अशीच भिंत होती. त्याचा प्रोसेसर एक एमबीच्या पलीकडे बघू शकत नव्हता आणि त्यातले ६४० केबीच कार्यक्रमांच्या वाट्याला येत. भिंत तीच, आकडे वेगळे. आम्ही ६४ बिटांची प्रणाली टाकली आणि सहाच्या सहा जीबी कामाला लागल्या.

उरले चार जुने. डीडीआर-२ मध्ये ४ जीबीची एक पट्टी सहज मिळत नाही आणि मिळाली तर महाग. दुकानदाराने माझ्या चार पट्ट्या परत घेतल्या, तेवढं नशीब. मग आम्ही फौजेतला जुना उपाय केला. दोन गाड्या बंद पडल्या तर एकीचे भाग काढून दुसरी चालवायची. चारपैकी दोन संगणकांतल्या पट्ट्या काढून उरलेल्या दोघांना दिल्या, म्हणजे प्रत्येकी ४ जीबी. अकरापैकी नऊ उभे राहिले. नव्या प्रत्येक पट्टीला हजाराच्या आत पैसे पडले होते.

तुमच्या घरी असा संगणक असेल तर आमच्या अनुभवातून चार गोष्टी सांगतो. आधी वीज पूर्ण काढा आणि पेटीच्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. जुन्या पट्टीवरचा छापील मजकूर वाचा. पीसी२ ने सुरू होत असेल तर डीडीआर-२, पीसी३ ने असेल तर डीडीआर-३. बिंदू मोजत बसू नका, माझी फजिती आठवा. मदरबोर्ड जास्तीत जास्त किती मेमरी घेतो ते त्याच्या माहितीत बघा. काही जुन्या बोर्डांना आठ चिपांची नवी पट्टी कळत नाही, सोळा चिपांची कळते. संगणक नुसताच पिप् पिप् करू लागला तर घाबरू नका. पट्टी काढून संपर्कबिंदू स्वच्छ कोरड्या खोडरबराने पुसा आणि दोन्ही खटके बसेपर्यंत सरळ दाबा. शेवटी रात्रभर मेमटेस्ट चालवा. वापरलेल्या पट्टीवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही.

एका आगीची गोष्ट, आणि दुसऱ्या आगीची

मेमरीचा भाव हा वेगळाच इतिहास आहे. जुलै १९९३ मध्ये जपानमधल्या निइहामा इथे एका रसायन कारखान्यात स्फोट झाला. तिथे चिपांच्या वेष्टनाला लागणाऱ्या राळेचा कच्चा माल तयार व्हायचा, जगाच्या गरजेच्या निम्म्याहून जास्त. तेवढ्यावरून जगभर मेमरीचे भाव भडकले. सप्टेंबर १९९९ मध्ये तैवानला भूकंप झाला, पुन्हा तेच. आणि २०२५ च्या उत्तरार्धापासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठाल्या केंद्रांनी मेमरीची मागणी इतकी वाढवली, की घरगुती पट्ट्यांचे भाव पुन्हा चढले. जगातली बहुतेक डीरॅम आज तीन कंपन्या बनवतात, दोन दक्षिण कोरियाच्या आणि एक अमेरिकेची.

आपण कुठे आहोत? मोहालीला सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स हा सरकारी कारखाना १९८४ मध्ये उत्पादन करू लागला. फेब्रुवारी १९८९ मध्ये तिथे आग लागली आणि उत्पादन विभाग जळाला. पुन्हा उभं राहायला अनेक वर्षं गेली. तोवर जग पिढ्यान्पिढ्या पुढे निघून गेलं होतं. २०२३ मध्ये गुजरातमधल्या साणंदला मेमरी चिपांची जुळणी आणि चाचणी करणारा प्रकल्प जाहीर झाला. चांगली गोष्ट आहे. पण मूळ चिप अजून बाहेरूनच येते. १९६० साली ज्या देशाने स्वतःच्या संगणकाची स्मृती मण्यामण्याने उभी केली, त्या देशात आज मी वाचनालयासाठी पट्टी घ्यायला गेलो, तर तिच्यावरची एकही चिप इथे घडलेली नसते. फौजी माणसाला हे टोचतं, कारण रसद दुसऱ्याच्या हातात असली की मोर्चा कितीही चांगला असून भागत नाही.

कारखाने उभारणं तुमच्या-माझ्या हातात नाही. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि देशभर कार्यालयांतून चांगले चालणारे डेस्कटॉप भंगारात निघत आहेत. त्यातल्या पुष्कळांना थोडी मेमरी आणि मोफत मिळणारी लिनक्स प्रणाली पुरेशी आहे. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, बंगळुरूला किंवा दिल्लीला, आपल्या मंडळाच्या किंवा शाळेच्या कोपऱ्यात असा एखादा संगणक धूळ खात असेल. भंगारवाल्याला देण्याआधी त्याची पेटी एकदा उघडा.

आमच्या वाचनालयातले नऊपैकी सात संगणक आजही चालू आहेत. ती मुलगी बारावी होऊन पुढे गेली. ज्या दिवशी तिचा तास पहिल्यांदा अखंड चालला, त्या दिवशी शिक्षकांनी नाव पुकारलं आणि ती इतक्या मोठ्याने "प्रेझेंट" म्हणाली, की पेपर वाचत बसलेले सुभेदारसाहेब दचकून उभे राहिले.

पुढच्या भागात पुन्हा किल्ल्यांकडे जाऊ. जय हिंद.